‘विक्लोरिनीकरण करणे’ : एका पारिभाषिक क्रियापदाचा अर्थ आणि वापर

१. प्रास्ताविक

मराठीतील परिभाषाविचार हा बहुतांशी नामांचा विचार आहे. वस्तू, गुण, उपकरणे, संस्था व पदे यांना कोणती नावे द्यावीत, ही नावे संस्कृतोद्भव असावीत की रूढ, याविषयी पुष्कळ चर्चा झाली. त्या मानाने पारिभाषिक क्रियापदांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. नाम निश्चित झाले की त्यापुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडले म्हणजे क्रियापद आपोआप सिद्ध होते, अशी समजूत यामागे असावी. प्रत्यक्षात क्रियापद वाक्यात आले की कर्म कोणते, क्रिया पूर्ण झाली की अंशतः झाली, ती कोणी केली की आपोआप घडली, असे प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे नामात मिळत नाहीत.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने इंग्रजीतील ‘डीक्लोरिनेट’ या क्रियापदाचा आणि त्याच्या संभाव्य मराठी पर्यायांचा विचार केला आहे. स्थूलमानाने या क्रियापदाचा अर्थ ‘क्लोरीन काढून टाकणे’ असा होतो. हा अर्थ वरवर पाहता इतका सरळ आहे की त्यासाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्दाची गरज काय, असा प्रश्न पडावा. तथापि पाणीपुरवठा, रुग्णालयीन तंत्रज्ञान आणि सेंद्रिय रसायनशास्त्र या तीन क्षेत्रांत या एकाच क्रियापदाने सूचित होणाऱ्या क्रिया परस्परांहून भिन्न आहेत आणि मराठी पर्याय निवडताना हा भेद सांभाळला नाही तर विधान चुकीचे ठरते. पर्याय ठरवताना कोशातील प्रतिशब्दापेक्षा वाक्यातील कर्म, क्रियेची मर्यादा आणि क्रियेचे स्वरूप या तीन गोष्टी निर्णायक मानल्या पाहिजेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. क्रियेचे स्वरूप

१७७४ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू प्रथम तयार केला. तो मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले आणि त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून ग्रीक शब्दाच्या आधारे त्याचे नाव ठेवले. पुढे जंतुनाशक म्हणून पिण्याच्या पाण्यात त्याचा वापर रूढ झाला. नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी निर्धोक राहावे म्हणून त्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवावा लागतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) यानुसार क्लोरिनाने शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो.

पिण्यासाठी हितकर असलेला हा अवशेष काही ठिकाणी घातक ठरतो. मत्स्यपालनाच्या टाकीत तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. रक्तशुद्धीकरणाच्या, म्हणजे डायलिसिसच्या, एका सत्रात सुमारे १२० लिटर पाणी वापरले जाते. त्या पाण्यात क्लोरीन अथवा क्लोरीन व अमोनिया यांच्या संयोगातून होणारी क्लोरामाइन द्रव्ये राहिली, तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणून तेथे एकूण क्लोरिनाची मर्यादा दर लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी खाली ठेवली जाते. पाण्याच्या जंतुपरीक्षेसाठी नमुना घेतानाही बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. अन्यथा बाटलीतील क्लोरीन वाटेतच जंतू मारील आणि परीक्षेचा निष्कर्ष फसवा येईल. या सर्व ठिकाणी होणारी क्रिया ‘डीक्लोरिनेट’ या क्रियापदाने सांगितली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. थायोसल्फेट, बायसल्फाइट किंवा सल्फर डाय-ऑक्साइड घातल्याने पाण्यातील क्लोरीन पाण्याबाहेर जात नाही. त्याचे क्लोराइडमध्ये रूपांतर होते आणि ते क्लोराइड पाण्यातच राहते. सक्रियित कोळशाच्या गाळणीतूनही हेच प्रामुख्याने घडते. म्हणजे नष्ट होते ती क्लोरिनाची क्रियाशील अवस्था. क्लोरिनाचा अणू पाण्यातच असतो. याउलट सेंद्रिय रसायनशास्त्रात हेच क्रियापद रेणूला जोडलेला क्लोरिनाचा अणू त्या रेणूपासून अलग होण्याच्या क्रियेस लावले जाते. तेथे अणू रेणूमधून खरोखरीच निघून जातो. एकाच क्रियापदाच्या पोटात असलेल्या या दोन अर्थांपैकी पहिल्यास ‘निष्प्रभावन’ आणि दुसऱ्यास ‘वियोजन’ असे विवेचनापुरते म्हणता येईल.

३. ‘क्लोरीन काढणे’ : देशी पर्यायाची ताकद आणि मर्यादा

पारिभाषिक शब्द शक्य तेथे रूढ मराठीतून घ्यावा, हे तत्त्व मान्य केल्यास ‘क्लोरीन काढणे’ हा पहिला पर्याय पुढे येतो. परंतु ‘काढणे’ हे मराठीतील अत्यंत अनेकार्थी क्रियापद आहे. विहिरीतून पाणी काढतात, तिळातून तेल काढतात, तांदळातून खडे काढतात. पहिल्या दोन वाक्यांत काढलेली वस्तू हवी असते, तिसऱ्यात नको असते. त्यामुळे ‘मिठाच्या द्रावणातून क्लोरीन काढतात’ आणि ‘पाण्यातून क्लोरीन काढतात’ ही दोन वाक्ये रचनेने एकच असली तरी पहिल्यात क्लोरिनाचे उत्पादन अभिप्रेत आहे आणि दुसऱ्यात त्याचा निरास. कारखान्यात विद्युत्-विच्छेदनाने होणारी क्रिया आणि जलशुद्धीकरणगृहात होणारी क्रिया यांना एकच शब्द वापरणे शास्त्रीय लेखनात परवडणारे नाही.

मराठी ही संदिग्धता संयुक्त क्रियापदाने दूर करते. ‘काढून घेणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांत धातुसाधित एकच असले तरी सहायक क्रियापद काढलेल्या वस्तूचे पुढे काय होणार ते सांगते. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणारा ‘डी’ हा उपसर्ग जे कार्य करतो, त्याच्या जवळचे कार्य मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे ‘टाकणे’ करते. ‘घालवणे’ या क्रियापदातही हाच निरासाचा अर्थ मुळात आहे : डाग घालवणे, वास घालवणे, खारटपणा घालवणे. निष्प्रभावनाच्या अर्थी ‘काढून टाकणे’ यापेक्षा ‘घालवणे’ अधिक यथार्थ आहे. कारण घालवलेली वस्तू बाहेर काढून कोठे तरी ठेवली, असे त्यात गृहीत नाही. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या सूचनापत्रकात ‘पाण्यातील क्लोरीन घालवावा’ हे वाक्य सुबोध आणि शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे.

‘मारणे’ हे क्रियापद मात्र येथे टाळावयास हवे. स्वयंपाकात ‘तिखटपणा मारणे’ असा प्रयोग असला तरी शेतीच्या बोलीत ‘औषध मारणे’ म्हणजे औषध फवारणे होय. ‘क्लोरीन मारणे’ या शब्दांतून क्लोरीन घालवला की फवारला, याचा उलगडा होणार नाही.

देशी पर्यायांची दुसरी बाजू कर्माशी संबंधित आहे. ‘डीक्लोरिनेट’ या क्रियापदाचे कर्म पाणी असते. क्लोरीन शब्दाच्या पोटातच असतो. ‘काढून टाकणे’ याचे कर्म क्लोरीन होते आणि पाणी अपादानाच्या किंवा अधिकरणाच्या जागी जाते. हा भेद इंग्रजी आणि मराठी यांतील मूलभूत भेद आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठीतील निरासवाचक क्रियापदे दोन्ही कर्मे स्वीकारतात. तांदूळ निवडतात आणि खडेही निवडतात. विहीर उपसतात आणि गाळही उपसतात. शेत खुरपतात आणि तणही खुरपतात. अंगण झाडतात आणि धूळही झाडतात. ऐकणाऱ्याचा त्यात कधी घोटाळा होत नाही. ठेवावयाचे काय आणि टाकावयाचे काय हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. पारिभाषिक क्षेत्रात हा अनुभव वाचकापाशी असतोच असे नाही. म्हणून तेथे शुद्ध होणारी वस्तू आणि निरास पावणारी वस्तू यांच्या जागा शब्दरचनेनेच निश्चित कराव्या लागतात. ‘पाण्याचे विक्लोरिनीकरण’ या रचनेत षष्ठी ही जागा निश्चित करते. यास्तव देशी पर्याय उपलब्ध असूनही स्वतंत्र पारिभाषिक शब्दाची आवश्यकता उरते.

४. प्रयोजनावरून नाव, द्रव्यावरून नाव

व्यवहारात पाण्यात क्लोरीन घालण्याच्या क्रियेस मराठीने बहुधा प्रयोजनावरून नाव दिले आहे. ‘पाणी शुद्ध करणे’, ‘पाण्याचे निर्जंतुकीकरण’, ‘पाण्यात औषध टाकणे’ हे प्रयोग सर्वत्र ऐकू येतात. ग्रामपंचायतींच्या व्यवहारात ‘टीसीएल पावडर टाकणे’ हा प्रयोग आहे. यांपैकी शेवटचा सोडला तर कोणत्याही प्रयोगात द्रव्याचा उल्लेख नाही. जोपर्यंत एकाच दिशेची क्रिया सांगावयाची असते तोपर्यंत यात काही न्यून नसते. उलट दिशेची क्रिया सांगण्याची वेळ आली की अडचण उद्भवते. क्लोरीन घालणे म्हणजे शुद्धीकरण असेल, तर तो घालवणे म्हणजे अशुद्धीकरण म्हणावे लागेल. आणि डायलिसिसच्या तंत्रज्ञाच्या दृष्टीने तर तीच खरी शुद्धी आहे. प्रयोजन व्यक्तीगणिक व क्षेत्रागणिक बदलते, द्रव्य बदलत नाही. म्हणून ज्या क्रियांच्या जोड्या परस्परविरुद्ध आहेत तेथे द्रव्यावरून नाव देणे इष्ट ठरते.

द्रव्याचे नाव कोणते घ्यावे, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. डॉ. रघुवीर यांनी क्लोरिनासाठी ‘नीरजी’ व क्लोराइडसाठी ‘नीरेय’ असे शब्द सिद्ध केले होते. ते रूढ झाले नाहीत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे कायम ठेवण्याचे आणि ‘आयनीकरण’ यासारखे संकरित शब्द स्वीकारण्याचे धोरण अवलंबिले. ‘क्लोरिनीकरण’ हा शब्द त्याच धोरणात बसतो. गरीब-गरिबी, वकील-वकिली याप्रमाणे मूळ शब्दातील दीर्घ ईकार साधित रूपात ऱ्हस्व करणे मराठीच्या प्रकृतीस धरून आहे. ‘क्लोरीनीकरण’ असे लेखनही आढळते.

५. ‘ईकरण’ची घडण

‘ईकरण’ या घटकाच्या मुळाशी संस्कृतातील च्वि प्रत्यय आहे (अष्टाध्यायी ५.४.५०). जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, म्हणजे ‘अभूततद्भाव’, हा त्याचा परंपरामान्य अर्थ. जे शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे म्हणजे शुद्धीकरण. या व्युत्पत्तीने पाहिल्यास ‘क्लोरिनीकरण’ या शब्दाचा अर्थ ‘जे क्लोरीन नव्हते त्याचा क्लोरीन करणे’ असा होईल आणि तो उघडच अभिप्रेत नाही. परंतु हा आक्षेप केवळ याच शब्दावर घेता येणार नाही. गावाचे विद्युतीकरण झाल्याने गाव विद्युत् होत नाही. कार्यालयाचे संगणकीकरण झाल्याने कार्यालय संगणक होत नाही. आधुनिक मराठीत ‘ईकरण’ विशेषणापुढे आले असता ‘तसे करणे’ आणि द्रव्यवाचक वा वस्तुवाचक नामापुढे आले असता ‘त्याने युक्त करणे’ असे दोन अर्थ देते. हा अर्थविस्तार रूढीने स्थिर झाला आहे.

‘करणे’ आणि ‘होणे’ यांतील भेद मात्र काळजीने सांभाळावा लागतो. संस्कृतात च्वीनंतर कृ प्रमाणेच भू हा धातूही येतो. मराठी विश्वकोशात ‘ऑक्सिडीभवन’ आणि शालेय पाठ्यपुस्तकांत ‘ऑक्सिडीकरण’ ही रूपे आढळतात, ती या दोन धातूंमुळे. ‘डीक्लोरिनेट’ हे इंग्रजी क्रियापद सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालते : तंत्रज्ञ पाणी ‘डीक्लोरिनेट’ करतो, आणि उघड्या भांड्यातील पाणी उन्हात ‘डीक्लोरिनेट’ होते. मराठीत पहिल्या अर्थी ‘विक्लोरिनीकरण करणे’ आणि दुसऱ्या अर्थी ‘विक्लोरिनीभवन होणे’ अशी विभागणी शक्य आहे. ती सर्वत्र पाळली जावी असा आग्रह धरता येणार नाही. पण कर्ता महत्त्वाचा असेल तेथे ती उपयुक्त आहे. मुक्त क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने पुष्कळसा निघून जातो, क्लोरामाइन तसे सहज जात नाही. पहिल्या बाबतीत ‘भवन’ पुरेसे आहे. दुसऱ्या बाबतीत कोणी तरी ‘करण’ केल्यावाचून भागत नाही.

‘विक्लोरिनीकरण करणे’ यात करण आणि करणे अशी द्विरुक्ती आहे, असा आक्षेप संभवतो. ‘शुद्ध करणे’ उपलब्ध असताना ‘शुद्धीकरण करणे’ म्हणणे हा खरोखरच शब्दविस्तार आहे. परंतु ‘राष्ट्रीयीकरण करणे’, ‘विलीनीकरण करणे’ या प्रयोगांत ‘ईकरण’चा धात्वर्थ मागे पडून ते संपूर्ण नाम एका प्रक्रियेचे नाव बनले आहे. ‘विक्लोरिनीकरण करणे’ हे याच कोटीतील आहे.

६. ‘वि’ की ‘निर्’?

निरासवाचक उपसर्ग म्हणून मराठीपुढे मुख्यत्वे दोन पर्याय आहेत. ‘निर्’ हा उपसर्ग अभावाचा निःसंदिग्ध वाचक आहे. निर्जंतुकीकरण, निःशस्त्रीकरण, निर्बीजीकरण हे त्याने साधलेले शब्द सुप्रतिष्ठित आहेत. मुंबईतील मनोरी येथील प्रकल्पाच्या चर्चेत समुद्राच्या पाण्याचे ‘निःक्षारीकरण’ वृत्तपत्रांतून परिचित झाले. २०१६ च्या अर्थव्यवहारात ‘निश्चलनीकरण’ आले, जरी लोकांनी ‘नोटाबंदी’च पसंत केली. ‘निर्गुंतवणूक’ या शब्दात तर हा उपसर्ग देशी नामाला लागून यशस्वी झाला आहे. ‘वि’ मात्र द्व्यर्थी आहे. विफल, विरस यांत तो अभाव दाखवतो. विशुद्ध, विख्यात यांत आधिक्य. त्यामुळे प्रथमदर्शनी ‘निष्क्लोरिनीकरण’ हाच शब्द अधिक चांगला वाटतो.

ध्वनिदृष्ट्या ‘ष्क्लो’ हे जोडाक्षर जड आहे, ही अडचण खरी असली तरी दुय्यम आहे. खरी अडचण अर्थाची आहे. ‘निर्जंतुकीकरण’ याचा विग्रह ‘निर्जंतुक करणे’ असा होतो. म्हणजे हा शब्द क्रियेची अंतिम अवस्था सांगतो. त्याच न्यायाने ‘निष्क्लोरिनीकरण’ म्हणजे वस्तू पूर्णपणे क्लोरीनरहित करणे. पाण्याच्या बाबतीत हे विधान साधारणपणे खपून जाईल, पण सेंद्रिय रसायनशास्त्रात ते चुकीचे ठरते.

डीडीटीच्या रेणूत क्लोरिनाचे पाच अणू असतात. निसर्गात त्यातील एक अणू जाऊन त्याच्या जागी हायड्रोजन आला की डीडीडी हे संयुग तयार होते; क्लोरीन व हायड्रोजन यांचा एकेक अणू एकत्र बाहेर पडला की डीडीई तयार होते. दोन्हींत क्लोरिनाचे चार अणू उरतातच. डीडीई तर पर्यावरणात दीर्घकाळ टिकते आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होण्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. कपड्यांच्या कोरड्या धुलाईत वापरल्या जाणाऱ्या पर्क्लोरोएथिलीनचे उदाहरण याहून बोलके आहे. भूजलात मिसळलेल्या या द्रव्याच्या रेणूतील क्लोरिनाचे चार अणू काही जीवाणू एकेक करून अलग करतात. डीहॅलोकोकॉइडिस या प्रकारचा जीवाणू ही क्रिया शेवटपर्यंत नेऊन निरुपद्रवी एथिलीन तयार करू शकतो, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ही शृंखला मध्येच थांबली तर एक अणू शिल्लक असलेले व्हिनिल क्लोराइड साचते, आणि ते निश्चित कर्करोगकारक आहे. तीन अणू गेले, म्हणजे विक्लोरिनीकरण झाले. तरी भूजल आधीपेक्षा अधिक घातक झालेले असू शकते. अशा पाण्यासंबंधी ‘निष्क्लोरिनीकरण झाले’ असे लिहिले, तर वाचक ते निर्धोक समजेल.

‘निर्’ नेहमीच पूर्णतावाचक असतो, असे मात्र नाही. अतिसाराने शरीराचे ‘निर्जलीकरण’ होते तेव्हा शरीरातील सर्व पाणी गेलेले नसते. तेथे सर्वसामान्य ज्ञान शब्दाच्या अतिव्याप्तीला आळा घालते. रसायनांच्या बाबतीत असे ज्ञान गृहीत धरता येत नाही, हा फरक आहे.

‘वि’ची द्व्यर्थता येथे बाधक ठरत नाही. ‘विकेंद्रीकरण’ या शब्दाने ‘ईकरणान्त’ नामापूर्वीचा ‘वि’ उलट दिशेच्या क्रियेचा वाचक म्हणून मराठीत रुजवला आहे. सत्तेचे विकेंद्रीकरण झाले म्हणजे केंद्रापाशी काहीच उरले नाही, असे कोणी समजत नाही. प्रक्रियेची दिशा तेवढी कळते. ‘विक्लोरिनीकरण’ यातही क्लोरीन कमी होण्याची दिशा सांगितली जाते, शेवट गृहीत धरला जात नाही. म्हणून निष्प्रभावन आणि वियोजन या दोन्ही अर्थांना सामावून घेण्याची क्षमता या शब्दात अधिक आहे. भेद दाखवावयाचा असेल तेथे ‘पाण्याचे विक्लोरिनीकरण’ आणि ‘क्षपणात्मक विक्लोरिनीकरण’ अशी विशेषणयुक्त रचना करता येईल. डीडीईच्या उदाहरणातील क्रियेस ‘विहायड्रोक्लोरिनीकरण’ असे वेगळे नाव द्यावे लागेल. ते लांब असले तरी दोन अणू एकत्र गेल्याचे सांगते.

७. ‘मुक्त’ शब्दाची दक्षता

क्रियेची अंतिम अवस्था सांगण्यासाठी ‘क्लोरीनमुक्त’ हे विशेषण सोयीचे आहे. येथे एक धोका आहे. पाणीपुरवठ्याच्या परिभाषेत ‘मुक्त क्लोरीन’ म्हणजे अन्य द्रव्याशी संयोग न पावलेला, क्रियाशील क्लोरीन. ‘मुक्त क्लोरीन असलेले पाणी’ आणि ‘क्लोरीनमुक्त पाणी’ यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. शब्द तेच, क्रम तेवढा उलटा. त्यातच मुक्त क्लोरीन गेला तरी क्लोरामाइनच्या रूपात बद्ध क्लोरीन उरू शकतो. म्हणजे पाणी ‘मुक्त क्लोरिनापासून मुक्त’ असूनही ‘क्लोरीनमुक्त’ नसेल. डायलिसिस विभागातील मराठी सूचनाफलकावर हा घोटाळा झाल्यास त्याचे परिणाम भाषेपुरते राहणार नाहीत. अशा ठिकाणी ‘एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी’ असे मोजमापासह लिहिणे हाच मार्ग आहे. क्लोरीन आणि क्लोराइड यांचीही अशीच गल्लत होते; विक्लोरिनीकरणाने क्लोराइड जात नाही, ते निःक्षारीकरणाने जाते.

८. समारोप

वरील विवेचनावरून वापराची पुढीलप्रमाणे विभागणी सुचवता येते. प्रक्रियेचे नाव म्हणून ‘विक्लोरिनीकरण’ व क्रियापद म्हणून ‘विक्लोरिनीकरण करणे’; क्रिया आपोआप घडत असल्यास ‘विक्लोरिनीभवन’; प्रक्रिया झालेल्या वस्तूसाठी ‘विक्लोरिनीकृत’; प्रक्रिया घडवणाऱ्या द्रव्यासाठी ‘विक्लोरिनकारक’; मोजमापाने सिद्ध झालेल्या अंतिम अवस्थेसाठीच ‘क्लोरीनमुक्त’; आणि सामान्य वाचकासाठी ‘क्लोरीन घालवणे’. हे सर्व शब्द एका कुळातील आहेत आणि प्रत्येकाचे कार्य वेगळे आहे.

व्यावहारिक मराठी व अनुवाद यांच्या अध्यापनात पारिभाषिक शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यावर भर दिला जातो. त्याऐवजी एखादे क्रियापद घेऊन त्याचे कर्म, त्याची मर्यादा आणि त्याचा कर्ता यांची वाक्यांतून परीक्षा घेतल्यास विद्यार्थ्यास परिभाषेचे स्वरूप अधिक चांगले कळेल. ‘निवडणे’, ‘उपसणे’, ‘खुरपणे’ ही क्रियापदे ज्या विद्यार्थ्याला घरातून मिळालेली आहेत, त्याच्यापाशी ‘विक्लोरिनीकरण’ समजून घेण्याची व्याकरणिक सामग्री मुळातच आहे. परिभाषेच्या अध्यापनाचा आरंभ तेथून व्हावयास हवा.